संशोधनाचा कल वाचून स्वतःचा प्रश्न कसा शोधावा : भारतातील अतिवृष्टीच्या अभ्यासावरून एक मार्गदर्शन

ऊर्जा, पर्यावरण आणि हवामानबदल या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक बहुधा पहिला सल्ला देतात तो असा : आधी या विषयातला संशोधनाचा कल पाहा. विद्यार्थी ग्रंथालयातल्या संगणकावर बसतो, दोन-तीन शब्द टाकून शोध घेतो आणि वर्षागणिक शोधनिबंधांची संख्या कशी वाढत गेली याचा एक चढता आलेख घेऊन परत येतो. तो आलेख खोटा नसतो, परंतु त्यातून पुढे काय करावे हे कळत नाही, कारण हवामानबदलाशी संबंधित जवळजवळ प्रत्येक शब्दाचा आलेख गेल्या तीस वर्षांत चढताच आहे. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या काळात कोणती उत्तरे दिली, ती उत्तरे का बदलली आणि आज मतभेद नेमका कशावर आहे, हे सांगता आले तरच कल समजला असे मी मानतो. नव्या अभ्यासकाला करण्याजोगे काम बहुतेक वेळा त्या मतभेदाच्या जागीच असते.

हे कसे करावे ते मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून सांगणार आहे : भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत का? हे उदाहरण निवडण्याची कारणे व्यावहारिक आहेत. या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत उत्तम दर्जाचा वाद झाला आहे, त्यासाठी लागणारी पावसाची आकडेवारी विनामूल्य मिळते, आणि त्या वादातला मोठा वाटा पुण्यातील भारतीय हवामान विभागाचे कार्यालय, पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी येथील अभ्यासकांचा असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला तो दूरचा वाटू नये.

पहिली पायरी : विषयावरून प्रश्नावर या

'हवामानबदल' हा विषय आहे आणि 'अतिवृष्टी' हासुद्धा विषयच आहे. त्याचा प्रश्न व्हायचा तर काय मोजायचे, कुठे मोजायचे, कोणत्या काळात मोजायचे आणि कशाशी तुलना करायची, या चार गोष्टी ठरवाव्या लागतात. हे ठरवताना पहिली अडचण शब्दांचीच येते. महाराष्ट्रात महसूल खात्याच्या लेखी एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी होते, कारण नुकसानभरपाईचे पंचनामे त्या आकड्यावर अवलंबून असतात. हवामान विभाग ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरला अतिजोरदार आणि २०४.५ मिलिमीटरपासून पुढे अत्यंत जोरदार म्हणतो. शोधनिबंधांत मात्र १०० आणि १५० मिलिमीटर हे उंबरठे वारंवार आढळतात, तर काही अभ्यासक ठरावीक आकडा न घेता त्या ठिकाणच्या पावसाळी दिवसांतील नव्व्याण्णवावा शततमक घेतात, म्हणजे शंभर पावसाळी दिवसांपैकी सरासरीने एकाच दिवशी ओलांडला जाणारा आकडा.

हा फरक केवळ व्याख्येचा नाही. रत्नागिरीला जुलै महिन्यात ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर शाळासुद्धा बंद होत नाहीत. तेवढाच पाऊस बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात काढणीला आलेल्या सोयाबीनवर पडला तर वर्ष हातचे जाते. म्हणून वाचनाला सुरुवात करण्यापूर्वीच वहीत एक वाक्य लिहून ठेवावे : 'मी अतिवृष्टी म्हणतो तेव्हा अमुक प्रदेशात, अमुक काळात, दिवसाला अमुक मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस असे म्हणतो.' वाचन वाढेल तसे हे वाक्य बदलेल आणि ते बदललेच पाहिजे. प्रत्येक बदलाची तारीख व कारण त्याच वहीत नोंदवावे, कारण प्रबंधाचे पहिले प्रकरण लिहिताना या नोंदींचा फार उपयोग होतो.

दुसरी पायरी : शोधाचे शब्द आणि शोधाच्या जागा

संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध होते आणि तिथेही एकाच गोष्टीला अनेक नावे आहेत. 'एक्स्ट्रीम रेनफॉल', 'हेवी प्रेसिपिटेशन', 'रेन एक्स्ट्रीम्स', 'इन्टेन्स रेन स्पेल' हे सारे शब्द एकाच प्रश्नाभोवती फिरतात. जलविज्ञानाचे अभ्यासक एक शब्द वापरतात, हवामानशास्त्राचे दुसरा, तर नागरी नियोजनाचे अभ्यासक 'अर्बन फ्लडिंग' म्हणतात. सुरुवातीला हाताशी आलेले पाच-सात चांगले निबंध घ्यावेत, त्यांच्या शीर्षकांतून आणि सूचक शब्दांतून ही नावे टिपावीत, समानार्थी नावे 'किंवा' या अर्थाच्या आज्ञेने आणि प्रदेशाचे नाव 'आणि' या अर्थाच्या आज्ञेने जोडून शोधसूत्र तयार करावे. 'इंडिया' या शब्दापुढे तारांकन (शब्दाचा कोणताही शेवट चालेल असे सांगणारी खूण) घातले की 'इंडियाना' राज्यावरचे निबंधही येतात, 'मान्सून' घातला की चीनवरचे येतात. हे गाळण काढण्याचे काम कंटाळवाणे असले तरी दुसऱ्यावर सोपवू नये.

शोधाच्या जागांपैकी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निबंधसूचींना वर्गणी लागते. गूगल स्कॉलर सर्वांना खुले आहे आणि एखादा निबंध शोधण्यासाठी अत्यंत उपयोगी आहे, परंतु ते दाखवत असलेल्या एकूण संख्येवर आलेख काढू नये, कारण ती अंदाजे असते आणि संपूर्ण यादी उतरवूनही घेता येत नाही. २०२२ पासून उपलब्ध असलेली ओपनॲलेक्स ही निबंधसूची मात्र विनामूल्य आहे आणि तिच्यातून हजारो नोंदी एकाच वेळी उतरवून घेता येतात. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र शासनाच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचायला मिळू लागली आहेत. तुमची संस्था त्यात आहे की नाही, हे ग्रंथपालांना विचारून पहिल्याच आठवड्यात नक्की करावे.

भारतीय पावसावर काम करणाऱ्याने दोन जागा विसरू नयेत. हवामान विभागाचे 'मौसम' हे त्रैमासिक आणि बंगळूरचे 'करंट सायन्स' ही दोन्ही विनामूल्य वाचता येतात, आणि पावसाच्या आकडेवारीचे संच कसे तयार झाले याची मूळ वर्णने या दोन ठिकाणीच प्रसिद्ध झाली आहेत. विद्यापीठांतील प्रबंध 'शोधगंगा'वर मिळतात. ते वाचण्याचा खरा लाभ असा, की शोधनिबंधात गाळलेली आकडेवारीची साफसफाई, हरवलेल्या नोंदींचे काय केले इत्यादी तपशील प्रबंधात सविस्तर असतो.

संभाषण करणाऱ्या यंत्रप्रणालींकडून संदर्भांची यादी मागण्याची सवय अलीकडे वाढली आहे. अशा यादीत अस्तित्वातच नसलेले निबंध सहज मिसळलेले असतात. प्रत्येक नोंदीचा डीओआय क्रमांक (निबंधाची कायमची ओळखसंख्या) उघडून निबंध प्रत्यक्ष समोर आल्याखेरीज तो आपल्या यादीत घेऊ नये.

तिसरी पायरी : मोजणी करा, पण प्रमाणात

मोजणी निरुपयोगी नाही. ती प्रमाणात करावी लागते. एखाद्या विषयावरचे निबंध दहा वर्षांत दुप्पट झाले असतील आणि त्याच काळात त्या सूचीतील सगळेच निबंध दुप्पट झाले असतील, तर त्या विषयाकडे ओढा वाढला असे म्हणता येणार नाही. म्हणून दरवर्षीच्या संख्येला त्या वर्षीच्या त्या शाखेतील एकूण निबंधांच्या संख्येने भागून दर हजारी प्रमाण काढावे. त्या आलेखाच्या खाली धोरणांच्या तारखांची एक पट्टी ओढावी : २००८ साली राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखडा, २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान, २०१५ साली सौरऊर्जेचे उद्दिष्ट २० हजारांवरून १ लाख मेगावॉटवर, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा, २०२४ साली 'मिशन मौसम'. पैसा आणि प्रकल्प कुठून आले व त्यांच्यामागोमाग शब्द कसे बदलले, हे या पट्टीमुळे डोळ्यांना दिसते.

शब्दांचे परस्परसंबंध दाखवणारे नकाशे काढण्यासाठी लायडन विद्यापीठाचे व्हीओएसव्ह्यूअर आणि आर या संगणकभाषेतील बिब्लिओमेट्रिक्स ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. ती वापरण्यापूर्वी समानार्थी शब्द एकत्र करणारी फाईल तयार केली नाही, तर 'रेनफॉल' आणि 'प्रेसिपिटेशन' हे दोन वेगळे गट म्हणून उमटतात आणि विद्यार्थी त्या कृत्रिम दुभंगावर पानभर भाष्य करतो. असे नकाशे प्रबंधात सुंदर दिसतात. माझे मत असे, की त्यांच्यावर तीन-चार दिवसांहून अधिक वेळ घालवू नये.

चौथी पायरी : साखळी धरा

हा या साऱ्या कामाचा गाभा आहे. एक खुंटीचा निबंध निवडावा, त्याने कोणाचा आधार घेतला ते पाहत मागे जावे आणि त्याचा आधार कोणी घेतला ते पाहत पुढे यावे. पुढे येताना विशेषतः असे निबंध शोधावेत ज्यांनी त्याच्याशी मतभेद नोंदवला आहे.

आपल्या प्रश्नासाठी खुंटी २००६ सालची आहे. त्या वर्षी बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात १९५१ ते २००० या काळातील मध्य भारतातील पावसाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मोसमी पावसाच्या सरासरीत लक्षणीय बदल दिसत नाही, हे तोवर सर्वांना माहीत होते, आणि त्यावरून तापमानवाढीचा आपल्या पावसावर परिणाम नाही असा समज होऊ शकत होता. या निबंधाने दाखवले, की जोरदार पावसाच्या घटना वाढत आहेत आणि मध्यम पावसाच्या घटना कमी होत आहेत. दोन्ही बदल एकमेकांना झाकत असल्यामुळे सरासरी स्थिर दिसते. एक साधी विभागणी करून जुन्या आकड्यांतून नवी गोष्ट काढणे कसे असते, याचा हा वस्तुपाठ आहे.

दोनच वर्षांनी, २००८ साली, एम. राजीवन आणि सहकाऱ्यांनी १९०१ ते २००४ अशा १०४ वर्षांच्या आकडेवारीवर हाच प्रश्न विचारला. लांब कालखंड घेतल्यावर अतिवृष्टीच्या घटनांमध्ये दशकादशकांचे चढउतार दिसू लागले आणि त्यांचे नाते उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठतापमानाशी जुळले. म्हणजे १९५१ पासून मोजणी सुरू केली तर जी रेषा सरळ चढती दिसते, ती शंभर वर्षांच्या पटावर एका लाटेचाही भाग असू शकते. वाढ नाकारलेली नव्हती. तिच्या कारणाचा प्रश्न मात्र अधिक कठीण झाला.

२०१२ साली आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये वेगळेच मांडले. मोठ्या प्रदेशाची एकत्र बेरीज न करता त्यांनी प्रत्येक जागेचा स्वतंत्र विचार केला आणि टोकाच्या मूल्यांचे संख्याशास्त्र वापरले, तेव्हा देशभर एकसारखी वाढ आढळली नाही. आढळली ती जागोजागच्या अतिवृष्टीतील तफावतीची वाढ. वृत्तपत्रांना असे निष्कर्ष 'एकाने वाढ सांगितली, दुसऱ्याने नाकारली' या रूपात दिसतात. प्रत्यक्षात दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले होते.

२०१७ साली रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मध्य भारतातील विस्तीर्ण भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दाखवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारणयंत्रणा सुचवली : मोसमी वारे एकंदरीने क्षीण होत असले तरी अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांतील चढउतार वाढले आहेत आणि त्यांच्या अधूनमधून येणाऱ्या लोंढ्यांबरोबर बाष्पाचा मोठा पुरवठा होतो. पुढे २०२० साली पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारतीय प्रदेशातील हवामानबदलावर जो अहवाल काढला, त्यात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याचे आणि १९५१ ते २०१५ या काळात उन्हाळी मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. 'तिप्पट' आणि '७५ टक्के' हे दोन आकडे शेजारी ठेवून गोंधळून जाऊ नये. पहिला विस्तीर्ण घटनांचा आहे, दुसरा एकूण घटनांच्या वारंवारितेचा.

आणि मग येतो असा निबंध, जो बहुतेक विद्यार्थ्यांच्या यादीत सापडत नाही. २०१९ साली मरीना लिन आणि पीटर हायबर्स यांनी 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स'मध्ये असा आक्षेप घेतला, की नोंद पाठवणाऱ्या पर्जन्यमापन केंद्रांची संख्या काळानुसार बदलत गेल्यामुळे अतिवृष्टीच्या दीर्घकालीन कलात काही भाग मोजमापातील बदलाचा असू शकतो. तुमच्या यादीत असा आक्षेप घेणारा एकही निबंध नसेल, तर साखळी अपुरी राहिली आहे असे समजावे.

पाचवी पायरी : मतभेदाचा तक्ता

आता एक मोठा तक्ता करावा. प्रत्येक निबंधाला एक आडवी ओळ आणि उभे रकाने असे : कोणता आकडेवारी संच, केंद्रांची संख्या स्थिर की बदलती, चौकटीचा आकार (नकाशा ज्या सारख्या चौकोनांत वाटून प्रत्येकाला पावसाचा एक आकडा दिला जातो, त्या चौकोनाचा), कालखंड, प्रदेशाच्या सीमा, उंबरठा, कसोटी, आणि सर्वांत शेवटी निष्कर्ष. निष्कर्षाचा रकाना शेवटी ठेवण्यामागे हेतू आहे. तो प्रथम भरला की उरलेले रकाने आपण त्याच्या समर्थनार्थ वाचू लागतो.

हा तक्ता भरताना ज्या गोष्टी कळतात, त्या सारांश वाचून कधीच कळत नाहीत. एक उदाहरण देतो. गोस्वामींच्या निबंधातील 'मध्य भारत' हा पूर्व रेखांश ७४.५ ते ८६.५ आणि उत्तर अक्षांश १६.५ ते २६.५ यांमधील चौकोन आहे. नकाशा काढून पाहिले तर विदर्भ आणि मराठवाडा त्यात येतात. मुंबई, संपूर्ण कोकण, पुणे आणि महाबळेश्वर ७४.५ रेखांशाच्या पश्चिमेला असल्यामुळे बाहेर राहतात. गोवाही बाहेर राहतो. त्यामुळे २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड यांच्याविषयी लिहिताना या निबंधाचा दाखला देणे चुकीचे आहे, तरीही तो सर्रास दिला जातो.

चौकटीच्या आकाराचेही तसेच. राजीवन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तयार केलेला एक अंश चौकटीचा संच १८०३ केंद्रांवर आधारलेला होता. ती केंद्रे १९५१ नंतरच्या किमान ९० टक्के नोंदी उपलब्ध असलेली अशी निवडलेली होती. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'मौसम'मध्ये मांडलेला पाव अंश चौकटीचा संच एकूण ६९५५ केंद्रांच्या नोंदी वापरतो, परंतु कोणत्या वर्षी त्यांपैकी किती केंद्रांची नोंद होती हे बदलत जाते. पहिल्यात सातत्य अधिक आहे, दुसऱ्यात बारकावा अधिक आहे. एक अंश म्हणजे सुमारे ११० किलोमीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला तो पाऊणशे मिलिमीटरसुद्धा नव्हता. हे दोन्ही आकडे एका चौकटीत मिसळले, की त्या दिवशी मुंबईत काय घडले ते त्या संचातून वाचता येत नाही.

सहावी पायरी : एक प्रसिद्ध आलेख स्वतः काढा

नवे काही करण्यापूर्वी साखळीतल्या एका निबंधातील एक आलेख आपल्या हाताने पुन्हा काढावा. या कामाला दोन महिने लागले तरी ते वाया जात नाहीत. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून पाव अंश चौकटीची रोजची पर्जन्यमाने १९०१ पासून वर्षनिहाय फाईलींत उतरवून घेता येतात. चौकट १३५ रेखांश बिंदू आणि १२९ अक्षांश बिंदूंची आहे, आणि जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेले असते. ते वगळायला विसरले तर सरासरी ऋण येते. पायथन येत असेल तर आयएमडीलिब या विनामूल्य साधनाने फाईली उघडण्याचे काम सोपे होते.

तारखेचा एक सापळा इथे सांगायला हवा. हवामान विभाग सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितो. त्यामुळे २६ जुलै २००५ चा पाऊस आकडेवारीत २७ जुलैला दिसतो. उपग्रहाची किंवा युरोपीय पुनर्विश्लेषणाची (जुनी निरीक्षणे संगणकीय प्रारूपात घालून घडवलेली) आकडेवारी जागतिक वेळेप्रमाणे असते. दोन्ही जुळवताना हा फरक सुधारला नाही, तर तुलना एका दिवसाने सरकते आणि परस्परसंबंध कारण नसताना कमकुवत दिसतो.

आलेख काढण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम निबंधातील चौकोन, महिने व उंबरठा जसेच्या तसे घेऊन दरवर्षी किती चौकट-दिवसांनी (एका चौकटीतला एक दिवस म्हणजे एक) उंबरठा ओलांडला ते मोजावे. त्यानंतर कल खरा की योगायोगाचा हे तपासणारी मान-केंडल कसोटी लावावी आणि उताराचा अंदाज सेनच्या पद्धतीने काढावा. एखाद-दुसऱ्या विलक्षण वर्षामुळे सरळ रेषा जशी ओढली जाते तसे या पद्धतीत सहसा होत नाही. सलग वर्षांच्या मूल्यांत स्वसहसंबंध असेल, म्हणजे एका वर्षाचे मूल्य आधीच्या वर्षाशी बांधलेले असेल, तर कसोटीत त्याची दुरुस्ती करावी. प्रत्येक चौकटीवर स्वतंत्र कसोटी लावणार असाल, तर हे ध्यानात ठेवावे, की ४०० चौकटींवर ५ टक्के पातळीची कसोटी लावली तर खरा बदल मुळीच नसतानाही सरासरीने २० चौकटी 'सार्थ', म्हणजे योगायोगाने न बदललेल्या, दिसतील. नकाशावरचे ठिपके मोजून आनंदित होण्यापूर्वी ही वजाबाकी करावी.

आलेख जुळला, की तो मुद्दाम मोडून पाहावा. कालखंड १९५१ ऐवजी १९०१ पासून घ्यावा, चौकोन दोन अंश पश्चिमेला सरकवावा, १५० च्या जागी नव्व्याण्णवावा शततमक घ्यावा. कोणत्या बदलाने निष्कर्ष टिकतो आणि कोणत्या बदलाने डळमळतो, हे लिहून ठेवावे. पाचव्या पायरीवरील तक्त्यात शब्दांनी दिसलेला मतभेद आता आकड्यांत दिसू लागतो, आणि विद्यार्थ्याला प्रथमच त्या वादात आपले स्वतःचे मत असल्याची जाणीव होते.

सातवी पायरी : वारा कुठे वळतो आहे

या प्रश्नावरील संशोधन 'वाढ आहे का' याकडून तीन-चार दिशांना गेले आहे. एक दिशा कारणारोपणाची आहे : विशिष्ट घटनेत मानवी हस्तक्षेपाचा वाटा किती, हे घटनेनंतर काही आठवड्यांत सांगण्याचा प्रयत्न. जुलै २०२४ मधील वायनाडच्या दरडीनंतर 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन' या गटाने त्या दिवसाचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्क्यांनी अधिक तीव्र झाला असावा असा अंदाज दिला, आणि डोंगराळ प्रदेशात प्रारूपांची मर्यादा मोठी असल्याचेही सांगितले. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, या भौतिकीवर हे सारे उभे आहे. पण घाटमाथ्यावर पाऊस किती वाढेल हे केवळ बाष्पावर ठरत नाही, वाऱ्याच्या वेगावर आणि दिशेवरही ठरते. दुसरी दिशा शहरांची, तिसरी यंत्रशिक्षणाने केलेल्या अंदाजांची आहे. तिसरीत सध्या गर्दी फार आहे. प्रशिक्षणाच्या आकडेवारीत अतिवृष्टीचे दिवस मुळातच विरळ असतात, या अडचणीला थेट न भिडणारे अनेक निबंध तिथे निघत आहेत, म्हणून नव्या विद्यार्थ्याने केवळ साधन नवे आहे एवढ्यासाठी तिकडे जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

चौथी दिशा ऊर्जेची, आणि ती मला सर्वांत आश्वासक वाटते, कारण तिथे दोन शाखा एकमेकींचे फारसे वाचत नाहीत. २०१८ साली मेंग गाओ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये १९८० नंतर भारतातील पवनऊर्जेची संभाव्य क्षमता घटल्याचे आणि त्या घटीचा संबंध हिंदी महासागराच्या तापण्याशी असल्याचे दाखवले. अतिवृष्टीच्या साखळीतही तोच महासागर आहे. एका बाजूला क्षीण होणारे मोसमी वारे, दुसऱ्या बाजूला त्याच वाऱ्यांचे अधूनमधून येणारे जोरदार लोंढे. सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील पवनचक्क्यांची वीज मुख्यतः जून ते ऑगस्टमध्येच मिळते; म्हणजे ज्या वाऱ्यांच्या लोंढ्यांमुळे अतिवृष्टी होते असे पावसाचे अभ्यासक म्हणतात, त्याच वाऱ्यांवर राज्याची पवनवीज अवलंबून आहे. अतिवृष्टीच्या दिवसांत, त्यांच्या आधी आणि नंतर पवनवीज कशी बदलते, आणि हे नाते गेल्या काही दशकांत बदलले आहे का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने विचारावा असा आहे.

त्यासाठी लागणारी सामग्री हाताशी आहे. राष्ट्रीय भारप्रेषण यंत्रणा चालवणाऱ्या ग्रिड इंडियाच्या दैनिक अहवालांत राज्यनिहाय पवन आणि सौर वीज दिलेली असते. युरोपीय केंद्राचे ईआरए५ हे पुनर्विश्लेषण १९४० पासून ताशी वारा देते. पावसासाठी हवामान विभागाच्या संचाबरोबर राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावरील मंडळनिहाय नोंदी आहेत; महसूल मंडळ पातळीवरची स्वयंचलित केंद्रे २०१७ पासूनची असल्यामुळे त्यांच्यावरून दीर्घकालीन कल काढता येणार नाही, पण एखादी घटना बारकाईने समजून घेण्यास ती फार मोलाची आहेत. मर्यादाही आधीच लिहून ठेवाव्यात. ईआरए५ ची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची आहे आणि सह्याद्रीची कड त्याहून कितीतरी कमी अंतरात चढते-उतरते, त्यामुळे घाटमाथ्यावरचा प्रत्यक्ष वारा त्यात पुरेसा उमटत नाही. शिवाय पवनविजेचे आकडे केवळ वाऱ्याने ठरत नाहीत. स्थापित क्षमता वाढत जाते, दुरुस्तीसाठी यंत्रे बंद राहतात, मागणी नसताना वीज कमी करायला सांगितले जाते. प्रत्येक दिवसाच्या विजेला त्या वेळच्या स्थापित क्षमतेने भागणे ही किमान दुरुस्ती आहे.

आठवी पायरी : एका पानाचा आराखडा

इथवर आल्यावर प्रश्न एका पानावर मांडावा. वर एका वाक्यात प्रश्न. खाली साखळीतील कोणते दोन निबंध त्यावर असहमत आहेत आणि का. कोणता संच, कोणता काळ, कोणता उंबरठा. कोणते उत्तर आले तर आपण चुकलो असे मान्य करू. हे शेवटचे वाक्य विश्लेषण सुरू होण्यापूर्वी तारीख घालून लिहावे, कारण आकडे पाहिल्यानंतर उंबरठा बदलण्याचा मोह प्रत्येकाला होतो. हे पान मार्गदर्शकांना दाखवावे आणि शक्य असेल तर वेगळ्या शाखेतल्या एका व्यक्तीलाही दाखवावे; पवनविजेच्या प्रश्नात महावितरण किंवा महापारेषणमध्ये काम केलेला अभियंता ज्या चुका पाच मिनिटांत दाखवतो, त्या हवामानशास्त्रज्ञाला वर्षभर दिसत नाहीत.

प्रकाशनाबाबत एक सूचना पुरेशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद केल्यामुळे नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी आता संस्था आणि लेखक यांच्यावर आली आहे. सोपी पारख ही, की तुमच्या मतभेदाच्या तक्त्यातील निबंध ज्या नियतकालिकांत आले आहेत, त्यांतच आपला निबंध पाठवण्याचा विचार करावा. पैसे भरून आठवड्यात स्वीकृती देणाऱ्या पत्रांना उत्तर देऊ नये. निबंधासोबत संगणकीय आज्ञावली आणि वापरलेल्या केंद्रांची यादी खुली ठेवावी, आणि त्या यादीत प्रत्येक केंद्रापुढे नोंद कोणत्या वर्षी सुरू झाली व मध्ये किती वर्षे खंडित होती हे लिहावे. लिन आणि हायबर्स यांच्या २०१९ च्या आक्षेपानंतर या विषयावरचा निबंध तपासणारा परीक्षक केंद्रांचा हा हिशोब मागणारच.